चंबळच्या नहरीचं पाणी टेलला का पोचत नाही? राजस्थान, ३९०० क्युसेक आणि पटेरा

लष्करकर (ग्वाल्हेर)

ग्वाल्हेर, मुरैना, भिंडकडची बरीच मंडळी इथे आहेत, म्हणून हा धागा काढतोय.

रब्बी आली की आमच्याकडे पेपरात दरवर्षी तीच बातमी असते. कोटा बॅराजमधून उजव्या मुख्य नहरीत (कालव्यात) पाणी सुटलं, पण मध्य प्रदेशच्या हद्दीवर, पार्वती अ‍ॅक्वाडक्टला, म्हणजे नहर पार्वती नदीवरून नेणाऱ्या पुलाला, ठरलेलं ३९०० क्युसेक (सेकंदाला घनफूट) पाणी काही मिळत नाही. मग भोपाळहून जयपूरला पत्र जातं, तिकडून उत्तर येतं, आमदार-खासदारांची निवेदनं होतात आणि तोवर पलेव्याची, म्हणजे पेरणीआधीच्या ओलिताची, वेळ टळून गेलेली असते.

ज्यांना हा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चंबळ निघते महूजवळच्या जानापाववरून, म्हणजे इंदूरकरांच्या अंगणातून. उत्तरेला जाऊन राजस्थानात शिरते, कोट्याच्या पुढे मध्य प्रदेश आणि राजस्थानची हद्द होऊन वाहते, नंतर मध्य प्रदेश आणि उत्तर प्रदेशची हद्द होते आणि इटाव्याच्या खाली यमुनेला मिळते. गांधीसागर धरण (१९६०) आपल्या राज्यात, राणाप्रताप सागर (१९७०), जवाहर सागर (१९७२) आणि कोटा बॅराज (१९६०) राजस्थानात. पाण्याची वाटणी निम्मी-निम्मी. पण पाणी साठतं मुख्यतः आपल्या गांधीसागरात आणि नहरीची दारं उघडतात कोट्याला. उजवी नहर आधी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास राजस्थानातून फिरते आणि मग पार्वती ओलांडून श्योपूर, सबलगढ, कैलारस, जौरा, मुरैना करत अंबाह आणि भिंडकडे जाते.

आमची थोडी जमीन अंबाह शाखेच्या टोकाला, म्हणजे टेलला आहे, बटाईने दिलेली. परवा बटाईदार भैयांबरोबर मायनरच्या, म्हणजे शेतांकडे जाणाऱ्या लहान नहरीच्या, काठाने चालत गेलो. पाणी आलेलं होतं. काठाला लागलेलं होतं. पण हलत नव्हतं. दोन्ही बाजूंनी पुरुषभर उंच पटेरा (पाणकणीस), मधे हातभर रुंदीची मोकळी पट्टी, तीही खालून शेवाळाने भरलेली. मी पटेऱ्याचं एक पान तोडून पाण्यात टाकलं, तर ते तिथल्या तिथे गोल फिरत राहिलं. थोडं पुढे एक पुलिया (छोटा पूल) आहे. तिच्या वर तुडुंब आणि खाली तळाला भेगा पडलेल्या. आमची जमीन त्या पुलियेच्या खाली.

माझा प्रश्न असा. आपण इतकी वर्षं राजस्थानशी भांडतोय, ते भांडण खरंच आहे. पण आपल्या हद्दीत आल्यावर किती पाणी या गवतात अडतं, हे कधी कुणी मोजलंय का?

---

जौरा_रोड

दादा, धागा चांगला आहे पण रोख चुकीच्या दिशेला जाऊ देऊ नका. हद्दीवर पाणी कमी येतं हे पहिलं सत्य. वरून ३९०० च्या जागी पुष्कळ कमी सोडायचं आणि खाली शेतकऱ्याला सांगायचं की तुझ्या नहरीत गवत आहे! उद्या हाच धागा कुणीतरी दाखवेल, की बघा, तुमचीच माणसं म्हणतात.

आमच्या घरी सरसू (मोहरी) आणि गहू. सरसूला एक पाणी कमी पडलं तरी भागतं, गव्हाला नाही भागत. पहिलं पाणी पेरणीनंतर विसाव्या-एकविसाव्या दिवसाच्या सुमाराला लागतं, त्याच वेळी मुळं फुटतात. ते पाणी दहा दिवस उशिरा आलं की फुटवे कमी, मग पुढे कितीही पाणी द्या. टेलची मंडळी डिझेल जाळून बोअरवर ओलित करतात आणि ज्यांचं बोअर खोल नाही ती गप्प बसतात. हे सगळं गवतामुळे होतं असं म्हणू नका.

---

पाटकरी (नाशिक, मूळ ग्वाल्हेर)

जन्म जनकगंजचा, नोकरी सगळी महाराष्ट्रात पाटबंधाऱ्याच्या कामावर. त्यामुळे दोन्हीकडचं थोडं कळतं. जौरा रोड यांचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे, तरीही गवताची गोष्ट बाजूला टाकू नका. कारण गवतामुळे नुसतं पाणी अडत नाही, पाण्याचं माप बिघडतं. हे नीट समजून घ्या, सगळा वाद त्या मापावर उभा आहे.

कालव्यात किती क्युसेक वाहतंय हे रोज कुणी थेट मोजत नाही. मोजपट्टीवर पाण्याची उंची वाचतात, त्याला आपण गेज म्हणतो. अमुक उंची म्हणजे अमुक विसर्ग, असा तक्ता आधीच तयार असतो. हा तक्ता कालवा स्वच्छ असतानाचा. आता मोजपट्टीच्या खालच्या अंगाला दोन-चार किलोमीटर पटेरा माजला की पाण्याला पुढे सरकायला जागा मिळत नाही, पाणी मागे तुंबतं, पट्टीवरची उंची वाढते. वाचणारा प्रामाणिकपणे उंची लिहितो. तक्ता म्हणतो कालवा भरून वाहतोय. प्रत्यक्षात अर्धंही वाहत नसतं.

आकड्यात सांगतो. मातीच्या स्वच्छ कालव्याचा खरबरीतपणाचा गुणांक ०.०२५ च्या आसपास धरतात. दाट गवत-वेतात तो ०.०८ किंवा त्याच्याही वर जातो. बाकी सगळं तेच ठेवलं तर विसर्ग या गुणांकाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. म्हणजे पाण्याची उंची तीच, पण पाणी एक तृतीयांशाहून कमी. काठावर उभ्या माणसाला फरक दिसत नाही. लष्करकर, तुम्ही पान टाकून पाहिलंत म्हणून तुम्हाला दिसला.

दुसरी अडचण. अशा कालव्यात वरून पाणी वाढवूनही भागत नाही. उंची आधीच काठाला लागलेली असते, आणखी सोडलं तर भराव फुटतो. म्हणून दारावरचा माणूस पाणी कमीच ठेवतो. त्याची चूक नाही. आणि वेग मंदावला की गाळ बसतो, गाळात पटेऱ्याची मुळं आणखी पसरतात, वेग आणखी मंदावतो. एकदा हे सुरू झालं की आपोआप थांबत नाही.

पार्वतीच्या हद्दीवर असंच होतं असा माझा दावा नाही, तिथली मोजणी मी पाहिलेली नाही. पण दोन राज्यं जेव्हा आपापल्या गेजचे आकडे एकमेकांपुढे ठेवतात, तेव्हा कुठल्या गेजच्या खाली गवत होतं, हा प्रश्न विचारायलाच हवा.

३९०० क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे १ लाख १० हजार लिटर. एवढ्या पाण्याचं भांडण एका लाकडी पट्टीवर मिटवू नये.

---

बडोदेकर

विश्वामित्री नदीत आमच्याकडे जलपर्णी आणि मगरी एकत्र नांदतात. उन्हाळ्यात पाणी आटलं की काही ठिकाणी नदी दिसतच नाही, हिरवं मैदान दिसतं. धागा वाचतोय, लिहा.

---

रिओव्हॅली (टेक्सास, मूळ मुरार)

मुरारला शाळा झाली, आता बरीच वर्षं मॅकॅलनला आहे. इथून मेक्सिको गाडीने अगदी जवळ, मधे रिओ ग्रँड नदी. पलीकडचे तिला रिओ ब्राव्हो म्हणतात. लष्करकर दादा, तुमचा मजकूर वाचून मला काही काळ कळेना की मी चंबळबद्दल वाचतोय की इथल्याबद्दल. म्हणून सविस्तर लिहितो.

इथला करार १९४४ चा. त्यात मेक्सिकोने आपल्या सहा ठरावीक उपनद्यांचं एक तृतीयांश पाणी अमेरिकेला द्यायचं, आणि ते पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला ४३.१७ कोटी घनमीटरपेक्षा कमी असता कामा नये. बदल्यात अमेरिकेने कोलोरॅडो नदीचं १८५ कोटी घनमीटर पाणी दरवर्षी मेक्सिकोला द्यायचं. दोन्ही देशांचा एक संयुक्त आयोग आहे. दोन मोठी धरणं थेट हद्दीवर, फाल्कन (१९५०च्या दशकातलं) आणि आमिस्ताद (१९६९), आणि त्यांतल्या पाण्याचा हिशोब दोन्ही देशांच्या नावाने वेगवेगळा मांडतात.

एवढी चोख मांडणी असून भांडण आहेच. मेक्सिकोचं बहुतेक पाणी येतं चिवावा राज्यातल्या कोंचोस नदीतून. २०२० च्या सप्टेंबरात तिथल्या शेतकऱ्यांनी ला बोकिया धरणाचा ताबा घेतला, की आमचं पाणी आम्ही जाऊ देणार नाही. त्या दिवसांत गोळीबारात एका स्त्रीचा जीव गेला. त्या वर्षीची थकबाकी मुदतीच्या तोंडावर कशीबशी भागवली. पुढचं पाच वर्षांचं चक्र ऑक्टोबर २०२५ ला संपलं तेव्हा पुन्हा मोठी थकबाकी राहिली. चिवावाचा शेतकरी खलनायक नाही, हे मला मुद्दाम लिहायचंय. त्याच्याकडे पाऊसच झालेला नव्हता.

आणि इकडे काय झालं? टेक्सासमधला शेवटचा साखर कारखाना, शेतकऱ्यांच्या मालकीचा, सहकारी, पन्नास वर्षांच्या आसपास चाललेला, २०२४ मध्ये बंद पडला. उसाला पाणी नाही म्हणून. महाराष्ट्रातल्या वाचकांना यापुढे काही समजावून सांगायला नको.

आता गवत. २००१ मध्ये ही नदी समुद्रापर्यंत पोचलीच नाही. तोंडाशी वाळूचा बांध तयार झाला आणि माणसं एका देशातून दुसऱ्या देशात कोरड्या पायांनी जाऊ शकत होती. दुष्काळ होता, उपसा होता, आणि वरच्या अंगाला कित्येक किलोमीटर नदी जलपर्णी आणि हायड्रिला नावाच्या पाणवनस्पतीने गच्च भरलेली होती. धरणातून सोडलेलं पाणी खालच्या गावांना पोचायला एरवीही कित्येक दिवस लागतात. गवतातून आणखी उशीर, आणखी घट.

एक गोष्ट इथल्या कालव्यांची, जी ग्वाल्हेरने लक्षात ठेवावी. इथे शहरांचं पिण्याचं पाणी शेतीच्याच कालव्यांतून येतं. शेतीचं भरपूर पाणी वाहत असतं तेव्हा त्याच्या जोरावर शहराचं थोडं पाणीही पुढे ढकललं जातं. शेतीचं पाणी बंद झालं की शहराच्या हक्काचं पाणी खात्यावर जमा असूनही कालव्यातून पुढे सरकत नाही. जिरतं, उडून जातं, गवतात अडतं. म्हणजे शेतकरी कोरडा पडला की शहरही मागोमाग.

---

वनस्पतीवेडी (ग्वाल्हेर)

मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. वर तीन-चार वेगळ्या वनस्पती एकाच ‘गवत’ या नावाखाली आल्या आहेत. त्या वेगळ्या केल्याशिवाय उपाय सापडणार नाही.

पटेरा, महाराष्ट्रात ज्याला पाणकणीस म्हणतात, तो परका नाही. इथलाच आहे, त्याच्या चटया विणतात, पाणपक्षी त्यात घरटी करतात. तळ्याच्या काठाला तो हवाच. पण बारा महिने ओल, वर खतांनी भरलेलं पाणी आणि मऊ गाळ, असं आयतं घर आपण नहरीत करून दिलं. एका कणसात दोन लाखांच्या आसपास बिया, कापसासारख्या वाऱ्यावर उडणाऱ्या. आणि बियांपेक्षा वाईट त्याचे जमिनीखालचे कंद. जेसीबीने वरवर खरवडलं तर तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा पुन्हा उगवतो.

जलकुंभी, म्हणजे जलपर्णी, परकी, दक्षिण अमेरिकेतली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शोभेसाठी बंगालात आली आणि १९३६ मध्ये बंगालला तिच्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. चांगलं खाद्य मिळालं तर दोन आठवड्यांत दुप्पट होते आणि तिचं खाद्य म्हणजे आपलं सांडपाणी. जिथे जलकुंभी दाट, तिथे वर कुठेतरी नाला उघडा सोडलेला आहे असं खुशाल समजावं. बी गाळात पंधरा-वीस वर्षं जिवंत राहतं.

बेशरमही परकी, तीही दक्षिण अमेरिकेची. ग्वाल्हेरहून मुरैन्याला जाताना रस्त्याकडेच्या प्रत्येक डबक्याला तिची गुलाबी फुलं दिसतात. गुरं खात नाहीत, खाल्ली तर विषबाधा होते. कुंपणाला म्हणून लावली आणि आता नाल्यांची तोंडं बंद करते.

आता हायड्रिला, म्हणजे रिओव्हॅली यांनी जिचा उल्लेख केला ती. शाळेत प्रकाशसंश्लेषणाचा प्रयोग आठवतो का, काचेच्या चंचुपात्रात पाणवनस्पती, वर उलटं नरसाळं, त्यावर परीक्षानळी आणि उन्हात ठेवली की बुडबुडे? तीच ही. आपल्याकडची साधी, मासे खातात ती वनस्पती. १९५० च्या दशकात मत्स्यालयांच्या व्यापारातून फ्लोरिडात गेली आणि तिथून पसरत टेक्सासपर्यंत. इथे तिला खाणारे, कुरतडणारे पुष्कळ, तिथे कुणी नाही. आपली तिकडे जाऊन नद्या बुजवते, तिकडची इकडे.

लष्करकरांच्या मायनरमधल्या तळाच्या ‘शेवाळा’त बहुधा हायड्रिला असेल. मला एक जुडी बाटलीतल्या पाण्यात घालून पाठवा, मी सांगते. तिचेही गाळात छोटे कंद असतात, नहर सुकली तरी मरत नाहीत.

---

रिओव्हॅली

ताई, छान उलगडून सांगितलंत. इथे आणखी एक आहे, उंच वेतासारखा नळ. आपल्याकडे नदीकाठी असतोच तो, मोठा वेत. स्पॅनिश लोकांबरोबर तो अमेरिकेत आला. इथे दोन्ही काठांनी त्याच्या भिंती झाल्या आहेत. बी धरत नाही, पण पुरात तुटलेलं प्रत्येक कांडं खाली जाऊन रुजतं.

तो काढताना जे घडलं ते हद्दीच्या नदीसाठी महत्त्वाचं आहे. २००९ च्या सुमाराला लारेडोला अमेरिकेच्या बाजूने हेलिकॉप्टरने तणनाशक फवारायचा बेत झाला. पलीकडच्या न्यूव्हो लारेडोने हरकत घेतली, की आमचं पिण्याचं पाणी त्याच नदीतून उचललं जातं. इकडच्या रहिवाशांनीही विरोध केला आणि फवारणी थांबली. मग भूमध्य समुद्राकडून आणलेली एक बारीक गांधीलमाशी सोडली. ती फक्त या वेतातच अंडी घालते, बाकी कशाला शिवत नाही. वेत नष्ट झाला नाही, पण खुरटला. हायड्रिलासाठी वांझ केलेले ग्रास कार्प मासे सोडले.

एका काठाने फवारायचं आणि दुसऱ्याने ते प्यायचं, असं हद्दीच्या नदीत करता येत नाही. चंबळलाही हेच लागू.

---

चंबळकाठी (भिंड)

तणनाशकाचं नाव निघालं म्हणून लिहिते. चंबळच्या पात्रात राष्ट्रीय अभयारण्य आहे, १९७८-७९ मध्ये तिन्ही राज्यांनी मिळून जाहीर केलेलं. जगात जंगली घडियाल (लांब तोंडाच्या सुसरी) जिथे सर्वांत जास्त उरले आहेत ती ही नदी. २००७-०८ च्या हिवाळ्यात शंभरावर घडियाल मेले होते. तेव्हा आम्ही काठाने ते फुगलेले देह पाहिले आहेत. त्यामुळे नहरीत काय ओतता आणि ते कुठल्या नाल्याने नदीत येतं, याचा विचार आधी करा.

आणि एक. चंबळची मुख्य धार अजून स्वच्छ आहे. तिच्यात जलकुंभीचे गालिचे नाहीत, कारण पाणी वाहतं आणि तळ वाळूचा आहे. ते असंच राहील याची खात्री मला वाटत नाही. कोट्याचं सांडपाणी वरून येतं. उन्हाळ्यात पाणी इतकं उतरतं की अंबाहच्या खाली काही ठिकाणी माणसं चालत पलीकडे जातात. घडियालला खोल डोह लागतात, वाळूचे उंच काठ लागतात. पाणी कमी झालं की बेटं काठाला जोडली जातात आणि कुत्री-कोल्हे सरळ अंड्यांपर्यंत पोचतात. वाळूचा उपसा वेगळाच.

बीहडात, म्हणजे नदीकाठच्या धुपलेल्या घळींत, विलायती बाभूळ विमानातून पेरली गेली होती, माती धरून ठेवायला, १९८० च्या दशकात. माती किती धरली हा वादाचा विषय, पण गुग्गुळ आणि बाकीची इथली झुडपं तिने मागे रेटली. परकी झाडं आणून प्रश्न सोडवायची सवय या खोऱ्याला महागात पडलेली आहे. म्हणून कीटक सोडायचं म्हटलं तरी मला धास्ती वाटते.

---

वनस्पतीवेडी

तुमची धास्ती रास्त आहे. म्हणूनच कीटक सोडण्याआधी तो दुसरं काही खातो का, याच्या चाचण्या विलगीकरणात करतात. आपल्याच राज्यातलं उदाहरण देते. बैतूल जिल्ह्यात सारणीला सातपुडा धरणाच्या जलाशयावर साल्व्हिनिया या तरंगत्या पाणवनस्पतीचा थर आला होता, तिकडे त्याला चायनीज झालर म्हणत. जबलपूरच्या तण संशोधन निदेशालयाने तिथे एक छोटा सोंड्या भुंगा सोडला, तो फक्त साल्व्हिनियावर जगतो. पाणी पुन्हा उघडं झालं. केरळात तोच भुंगा १९८० च्या दशकात उपयोगी पडला होता. जलकुंभीसाठीही दोन भुंगे त्याच दशकात बंगळूरहून देशभर दिले गेले. काही तलावांत गुण आला, जिथे सांडपाणी थांबलं नाही तिथे जलकुंभी भुंग्यांपेक्षा वेगाने वाढत राहिली.

पण पटेऱ्यासाठी असा कीटक आणायचा प्रश्नच नाही, तो इथलाच आहे. त्याला कापावंच लागेल. आणि कापायची एक रीत आहे. पटेऱ्याच्या कंदाला श्वास लागतो तो पाण्याबाहेरच्या पानांतून, अगदी वाळलेल्या देठांतूनही हवा खाली जाते. देठ पाण्याच्या वर कापला तर काही उपयोग नाही, महिनाभरात पुन्हा उभा. पाण्याच्या खाली, वीतभर खोल कापला आणि कापलेलं टोक पाण्यात बुडून राहिलं, तर कंद गुदमरतो. कणीस यायच्या सुमाराला, म्हणजे कंदातला साठा सर्वांत कमी असताना कापलं तर उत्तम. पुन्हा फुटेल तेव्हा पुन्हा एकदा.

---

जौरा_रोड

ताई, ही रीत आमच्याकडे कुणी सांगितलीच नाही. ठेकेदाराची माणसं नहर कोरडी असताना येतात, वरून विळ्याने कापतात, फोटो काढतात, जातात. पाणी सुटेपर्यंत पटेरा गुडघाभर झालेला असतो. कापलेलं तिथेच काठावर टाकतात, पहिल्या पाण्याबरोबर ते वाहत जाऊन पुलियेत अडकतं.

मी अजूनही म्हणतो, हद्दीवर पाणी पूर्ण आलंच पाहिजे. पण पाटकरी काकांचं गेजचं म्हणणं मी आज आमच्या गावच्या जल उपभोक्ता संस्थेत वाचून दाखवलं. सगळे गप्प झाले. १९९९ च्या कायद्याने या संस्था झाल्या, मायनरची देखभाल आमच्याच गळ्यात आहे. निधी किती येतो ते विचारू नका.

---

पाटकरी

कोरड्या नहरीत कापायचं असेल तर कापून भागत नाही, गाळासकट कंद उपसून काढावे लागतात आणि तो गाळ काठावर न ठेवता दूर नेऊन वाळवावा लागतो. एप्रिल ते सप्टेंबर नहर बंद असते, त्यात हे काम होऊ शकतं. पाणी चालू असताना ताईंच्या रीतीने, पाण्याखालून. दोन्ही लागेल. सगळी मायनर एकदम धरू नका. पुलियेच्या वरचा अर्धा किलोमीटर आणि खालचा अर्धा किलोमीटर आधी साफ करा, तुंब तिथेच असतो.

आणि साफ करायच्या आधी मोजा. साधी रीत सांगतो. मायनरचा सरळ भाग निवडा, पन्नास मीटर. दोन टोकांना काठी रोवा. संत्र्याचं फळ पाण्यात सोडा, अर्धं बुडून तरंगतं, वाऱ्याने ढळत नाही. वरच्या काठीपासून खालच्या काठीपर्यंत किती सेकंद लागतात ते मोबाइलवर पाहा. तीन-चारदा करा, सरासरी घ्या. पन्नास भागिले सेकंद म्हणजे पृष्ठभागाचा वेग, त्याला ०.८५ ने गुणा. नहरीची रुंदी आणि दोन-तीन जागची खोली काढून क्षेत्रफळ काढा. वेग गुणिले क्षेत्रफळ म्हणजे घनमीटर प्रति सेकंद. ३५.३ ने गुणलं की क्युसेक. पटेऱ्यात संत्रं अडकेल, मग मोकळ्या पट्टीपुरतंच क्षेत्रफळ धरा, पटेऱ्यातून जवळजवळ काही वाहत नाही. त्याच वेळी गेजवरची उंची लिहून ठेवा. साफ केल्यावर पुन्हा हेच करा.

हे दोन कागद शेजारी ठेवले की कुणाशी भांडायचं ते आपोआप कळेल. कदाचित दोघांशीही.

---

लष्करकर

पाटकरी काका, या रविवारी जातोय. संत्री घेऊनच.

शहरातल्या मंडळींसाठी एक सांगतो, कारण लष्कर-मुरारचे बरेच जण म्हणतील की आमचा नहरीशी काय संबंध. ग्वाल्हेर पितं तिघऱ्याचं पाणी. सांक नदीवरचं, माधवराव शिंद्यांच्या काळातलं धरण. विश्वेश्वरय्यांची आपोआप उघडणारी दारं बसवली होती ते. शंभर वर्षांपूर्वीच्या शहराच्या मापाचं धरण, पाऊस कमी झाला की एक दिवसाआड नळ. म्हणून आता चंबळचं आणि कोतवाल धरणाचं पाणी ग्वाल्हेरला आणायचं काम चालू आहे. वर पार्वती-कालीसिंध-चंबळ जोड प्रकल्प, ज्याचा करार २०२४ च्या जानेवारीत झाला. म्हणजे एकाच नदीवर आता शेती, ग्वाल्हेर-मुरैन्याचे नळ, राजस्थानातले नवे जिल्हे आणि घडियाल, सगळ्यांचे हात. रिओव्हॅलीने लिहिलेलं शहर आणि शेतीचं नातं आपल्या दारात येऊन उभं आहे.

माहितीच्या अधिकारात अर्ज देतोय. मसुदा खाली, सुधारणा सांगा:

अंबाह शाखेवरील गेल्या पाच रब्बी हंगामांतील गेजच्या रोजच्या नोंदींच्या प्रती द्याव्यात. गेजचा विसर्ग-तक्ता शेवटचा कधी तपासला, प्रवाहमापकाने प्रत्यक्ष मोजणी कोणत्या तारखांना केली, त्या नोंदींच्या प्रती द्याव्यात. याच काळात तण काढण्याची कामं कोणत्या मायनरवर, कोणत्या किलोमीटरपासून कोणत्या किलोमीटरपर्यंत, कोणत्या तारखांना झाली, त्यांची मोजमाप-पुस्तिका दाखवावी. पार्वती अ‍ॅक्वाडक्टवर दोन्ही राज्यांनी मिळून केलेल्या संयुक्त मोजणीच्या नोंदी असल्यास त्यांच्या प्रती द्याव्यात.

---

चंबळकाठी

तणनाशक वापरलं असेल तर कोणतं, किती आणि कुठे, हे त्यात घाला.

---

रिओव्हॅली

आणि तण काढण्याच्या तारखा व गेजच्या नोंदी एकाच तक्त्यात, तारखेप्रमाणे शेजारी शेजारी मागा. वेगळे कागद दिले तर तुम्हाला जुळवत बसावं लागेल आणि पहिलं अपील करायची ३० दिवसांची मुदत त्यातच जाईल. इथेही नदीचा विसर्ग एका कार्यालयात आणि हायड्रिला दुसऱ्या कार्यालयात असतं.

---

जौरा_रोड

अर्जावर माझं नावही दुसरा अर्जदार म्हणून घाला, किंवा मी आमच्या मायनरसाठी वेगळा देतो. वेगळाच देतो, दोन अर्ज बरे. रविवारी कैलारसच्या पुढे भेटा, आमच्या पुलियेवरही मोजू. दोर, टेप आणि दोन विळे मी आणतो. ताईंसाठी बाटलीतली जुडी मुरैन्याच्या बसने सोमवारी पाठवतो, स्टँडवर कुणाला तरी पाठवा.